जुन्या बसची फेरी: आधी भाड्याचा निर्णय, मग छप्पर, रंग सगळ्यात शेवटी

गणपतीच्या महिनाभर आधी मला दोन फोन ठरलेले असतात. पहिला एखाद्या मंडळातून: "तुमच्या ग्रुपकडे ती लाल डबलडेकर आहे ना? आणा की त्या दिवशी. माणशी पाच पौंड लावू, तुमचं डिझेलही सुटेल." दुसरा एखाद्या हौशी माणसाचा: "लिलावात एक जुनी बस दिसतेय, अगदी स्वस्तात आहे. घेऊन टाकू का?" दोघांनाही मी नाही म्हणतो आणि दोघेही नाराज होतात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वर्षी फोन आला की हेच पाठवीन.

इंग्लंडमध्ये जुन्या बस जपणारे गट ठिकठिकाणी आहेत. निवृत्त ड्रायव्हर, फिटर, शिक्षक, कॉम्प्युटरवाले असे लोक रविवारी जमतात, पन्नास-साठ वर्षांची बस चालू ठेवतात आणि वर्षातले काही दिवस लोकांना तिच्यातून हिंडवतात. आमचाही असाच छोटा गट आहे. मुंबईची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, तेव्हापासून मराठी मंडळी आमच्याकडे जास्त चौकशी करतात. उत्साह भरपूर असतो, क्रम मात्र हमखास उलटा. आधी बस घेतात, मग रंग काढतात, मग जागा शोधतात आणि कायदा फेरीच्या आदल्या दिवशी आठवतो.

खाली दिलेले नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: भारतात २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले, पण ते ५० वर्षांवरच्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. एसटीची किंवा बेस्टची गाडी त्यात बसत नाही. शिवाय सरकारी परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवली जात नाही. तेव्हा तिकडे बस जपायची म्हणजे सध्या तरी उभी ठेवूनच. त्यासाठी दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा उपयोगी पडेल.

## टप्पा १: पैसे घेणार की नाही, हे आधी ठरवा

हा प्रश्न पहिला का? कारण विमा, तपासणी, ड्रायव्हरचं लायसन, कर, सगळं याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आठपेक्षा जास्त प्रवासी नेण्याजोगी गाडी मोबदला घेऊन चालवली, की ती कायद्याने सार्वजनिक सेवेची गाडी ठरते. मग ऑपरेटरचा परवाना लागतो. आणि "मोबदला" हा शब्द आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच ऐसपैस आहे. पैसे कोणी दिले, कोणाला दिले, याला महत्त्व नाही. ज्या रकमेत बसमधून फिरणंही धरलेलं आहे, ती रक्कम मोबदलाच. आता नेहमीच्या पळवाटा बघा:

"तिकीट बसचं नाही, कार्यक्रमाचं आहे." पण त्या तिकिटात फेरी धरलेली असेल तर तो मोबदला.

"माणशी पैसे घेत नाही, मंडळ एकरकमी देईल." तोही मोबदला. लग्नात वऱ्हाड नेण्यासाठी नवऱ्या मुलाच्या बापाने पाकीट दिलं, तरी तेच.

"फक्त डिझेल भरून द्या." कारमध्ये चार मित्रांनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं. बसला ती सवलत आहे असं धरून चालू नका.

"ऐच्छिक देणगी." ही चालू शकते, पण ती खरोखर ऐच्छिक हवी. ज्याने काहीच टाकलं नाही त्यालाही तीच सीट, तीच फेरी आणि तेच हसून स्वागत. कंडक्टर पायरीवर डबा घेऊन उभा राहिला की ऐच्छिकपणा संपला. आमचा डबा बसमध्ये नसतोच, चहाच्या टेबलावर असतो. बसजवळच्या पाटीवर "फेरी मोफत" एवढेच शब्द.

दुसरा मार्ग पूर्ण कायदेशीर भाड्याचा. त्यासाठी परवानाधारक ऑपरेटरशी हातमिळवणी करावी लागते. बस त्यांच्या परवान्याखाली येते, तिची व्यावसायिक बससारखी वार्षिक तपासणी होते, ठरावीक मुदतीने सुरक्षेची पाहणी होते आणि मार्गाची रीतसर नोंदणी करावी लागते. नोंदणीसाठी दोन-अडीच महिने आधी कागद हलवावे लागतात. विल्टशरमधलं इंबर हे गाव सैन्याने १९४३ मध्ये रिकामं करून घेतलं. तिथे २००९ पासून उन्हाळ्यात एक दिवस वॉर्मिन्स्टर स्टेशनवरून जुन्या-नव्या डबलडेकर धावतात. ती सेवा अशी नोंदणी करून, तिकीट लावून चालते. एकदा जाऊन बघा. पण नव्या गटाने पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावध: ४० वर्षांवरच्या, मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून आणि रोड टॅक्समधून मिळणारी सूट बससाठी फक्त बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. एका दिवसाचं भाडं घेतलंत तरी त्या सवलतीचा पाया हलतो आणि विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

## टप्पा २: छप्पर

जागा नसेल तर बस घेऊ नका. उघड्यावर ठेवलेली बस इंग्लंडच्या दोन हिवाळ्यांत जेवढी सडते, तेवढी दुरुस्ती रविवारच्या रविवार काम करून होत नाही.

लंडनची प्रसिद्ध जुनी डबलडेकर, रूटमास्टर, ४.३८ मीटर उंच आणि ८.३८ मीटर लांब. (प्रत्येक लाल डबलडेकर रूटमास्टर नसते, हेही जाता जाता सांगतो. बेस्टकडे ती कधी नव्हती. बेस्टच्या शेवटच्या डबलडेकर अशोक लेलँडच्या.) म्हणजे दाराची मोकळी उंची साडेचार मीटर तरी हवी. उंची मोजताना दाराची चौकट मोजून थांबू नका. आतली तुळई, लटकणारा दिवा, शटरची गुंडाळी, दारासमोरचा चढ हे सगळं मोजा. चढावर पुढची चाकं असताना मागचं छत वर-खाली होतं आणि नेमकं तेव्हाच ते चौकटीला लागतं.

शेतकऱ्याचं धान्याचं शेड स्वस्तात मिळतं, पण जमीन मातीची असते. खालून ओल येते आणि जॅक लावला की रुततो. काँक्रीटची जमीन, वीज आणि हवा खेळती असणं, या तीन गोष्टींसाठी जास्त भाडं मोजावं लागलं तरी मोजा.

ताडपत्री हा जागेला पर्याय नाही. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि गंज उघड्यावरच्यापेक्षा लवकर धरतो.

तपासा: जागेच्या करारात "गाडी ठेवणे" एवढंच आहे की "दुरुस्ती करणे"ही आहे? वेल्डिंगला परवानगी आहे का? रविवारी फाटकाची किल्ली कोणाकडे असते? आमच्या पहिल्या जागेत वेल्डिंग चालत नसे. हे आम्हाला कधी कळलं, तर वेल्डर गाडीतून मशीन उतरवत असताना.

## टप्पा ३: माणसं आणि मालकी

पाच माणसं पैसे घालतात, तीन कामाला येतात, दोघांचं भांडण होतं आणि बस सहा वर्षं तशीच पडून राहते. असे गट मी पाहिले आहेत. म्हणून बस घेण्याआधी एका पानाचा का होईना, लेखी करार करा: बस कोणाच्या नावावर, कोणी गट सोडला तर त्याच्या पैशांचं काय, विकायची वेळ आली तर कोण ठरवणार. चार पैसे खर्च करून रीतसर धर्मादाय संस्था नोंदवली तर आणखी बरं, कारण मग बस एका माणसाच्या मृत्युपत्रात अडकत नाही.

कामं वाटताना नवा माणूस आला की त्याला लगेच इंजिनाकडे नेऊ नका. पहिले तीन-चार रविवार सफाई, सीटा, खिडक्यांचे रबर. कोण पाना जागेवर परत ठेवतो आणि कोण टाकून जातो, हे तेवढ्यात कळतं.

## टप्पा ४: बस निवडणं

बघायला जाताना टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर, जुने कपडे आणि मागे ओढणारा एक मित्र न्या. बसच्या प्रेमात पडलेल्याला गंज दिसत नाही.

बघण्याचा क्रम खालून वर. इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी ऐका, कारण इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. महाग पडतो तो सांगाडा. १९५०च्या आसपासच्या बऱ्याच बसगाड्यांचा सांगाडा लाकडी, वरून पत्रा ठोकलेला. खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतं आणि खांबाच्या पायाशी लाकूड कुजतं. वरून रंग चकचकीत असतो. त्या पायाशी स्क्रूड्रायव्हर हलकेच दाबा. आत गेला तर परत आपल्या कारमध्ये बसा. रूटमास्टरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तिथे लाकडाचा प्रश्न नाही. पण जिथे अ‍ॅल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे पांढरी पूड दिसते का बघा. दोन धातूंमध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

मग मागच्या प्लॅटफॉर्मची जमीन, जिन्याखालचा कोपरा, वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडक्या. त्यानंतर ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगची पानं, टायर. इंजिन शेवटी आणि थंडच सुरू करायला सांगा. विकणाऱ्याला आदल्या दिवशी कळवा की आधी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर काय लपवलंय ते विचारा.

पहिली बस दुर्मिळ घेऊ नका. रूटमास्टर एकूण २,८७६ बनल्या, त्यातल्या बऱ्याच अजून आहेत. म्हणजे सुटे भाग मिळतात, माहितगार मिळतात, चुकलात तर विचारायला कोणी तरी असतं. जगात एकच उरलेली कोच घेतलीत तर एका दाराच्या कडीसाठी दोन वर्षं जातील.

तपासा: नोंदणीच्या पुस्तिकेवर ज्याचं नाव आहे तो गाडी "सांभाळणारा" असतो, मालक असेलच असं नाही. तिथे छापलेलंही असतं तसं. मालकीसाठी विक्रीची सही केलेली पावती घ्या आणि चॅसीवर कोरलेला नंबर पुस्तिकेशी स्वतः ताडून बघा.

## टप्पा ५: पहिल्या महिन्यातले कागद

गाडी रस्त्यावर येणार नसेल तोवर तसं रीतसर जाहीर करून ठेवा, नाहीतर दंडाचं पत्र येतं. विमा मात्र पहिल्या दिवसापासून. शेडला आग लागली तर बस उभी होती की धावत होती हे कोणी विचारत नाही. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्यांकडेच जा, किंमत आधी ठरवून घ्या आणि अर्जात "प्रवाशांना मोफत फेऱ्या" हे शब्द तसेच लिहा. "हौशी वापर" एवढ्यावर भागवलंत तर अपघातानंतर त्या दोन शब्दांचा अर्थ ते लावतील. स्वयंसेवक काम करताना पडला, बोट चेमटलं, यासाठीचं संरक्षणही वेगळं विचारून घ्या.

लायसनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ३० वर्षांहून जुनी बस, आत आठपेक्षा जास्त प्रवासी नाहीत आणि मोबदला नाही, अशा वेळी २१ वर्षांवरच्या माणसाला साध्या कारच्या लायसनवर ती चालवता येते. हे खरं आहे. पण ही सवलत बस गॅरेजला किंवा प्रदर्शनाला नेण्यापुरती समजा. नववा प्रवासी चढला की बसचं डी वर्गाचं लायसन लागतं, मग तो प्रवासी तुमची मावशी असली तरी. डी लायसनसाठी वैद्यकीय तपासणी लागते: ४५ नंतर दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी. गटातले ड्रायव्हर बहुतेक निवृत्त असतात, म्हणून कोणाची तारीख कधी संपते याची यादी भिंतीवर लावा.

सावध: एमओटीतून सूट म्हणजे गाडी धड असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवायची जबाबदारी तशीच राहते. आम्ही सूट असूनही दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतो. आपल्या बसचे दोष आपल्याला दिसत नाहीत.

## टप्पा ६: ब्रेक, चाकं, टायर. बाकी सगळं नंतर

इथेच लोक घाई करतात. इंजिन चालू झालं की आनंदाच्या भरात गाडी आवारात फिरवून बघतात. चालायच्या आधी थांबता आलं पाहिजे.

आपल्या बसचे ब्रेक कोणते, हे आधी समजून घ्या. लंडनच्याच आरटी बसचे ब्रेक हवेवरचे, तर तिच्यानंतरच्या रूटमास्टरचे तेलाच्या दाबावरचे. एकाची पद्धत दुसऱ्याला चालत नाही.

हवेचे असतील तर: टाक्यांचे खालचे नळ उघडून पाणी काढा. महिनोन् महिने उभ्या बसमधून तांबूस पाणी पेलाभर निघतं. मग इंजिन चालवून दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासा. दाब कमी झाल्याची खूण, म्हणजे दिवा, घंटी किंवा झेंडी, वेळेवर चालते का हेही बघा.

तेलाचे असतील तर: जुनं तेल पूर्ण काढा. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि आतून गंज धरतो. रबरी सील वरून चांगले दिसले तरी बदला. आज टिकलेला सील दाब आला की फाटतो.

दोन्हींत ड्रम उघडावेच लागतात. उभ्या बसचे शू, म्हणजे ब्रेक लावताना ड्रमला आतून घासणारे तुकडे, ड्रमला चिकटलेले असतात. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, पण कपाटात पडलेल्या जुन्या सुट्या भागांना ती बंदी माहीत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रममधली धूळ उडवणं ही गॅरेजमधली जुनी सवय आहे. ती इथे सोडा. ओलं करून पुसा, योग्य मास्क घाला, आणि शंका असेल तर ते काम जाणकाराला द्या.

गाडीखाली जाण्याआधी चाकांना ठोकळे, मग जॅक, मग पोलादी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या बसखाली कोणीही, कधीही, "एकच मिनिट" म्हणूनही जाणार नाही. हा नियम मोडणाऱ्याला आमच्याकडे महिनाभर फक्त खिडक्या पुसायला लावतात.

चाकांचे नट काढताना: बऱ्याच जुन्या ब्रिटिश बसगाड्यांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. नट सैल करायला नेहमीच्या उलट फिरवावं लागतं. आमच्या एका मित्राने पान्याला चार फुटी पाइप लावला, दोघांना लटकवलं आणि नट "सोडवत" असताना तो आवळत नेऊन स्टड तोडला. चाक परत बसवल्यावर टॉर्क पान्याने आवळा, आणि अर्धा तास चालवून पुन्हा एकदा तपासा. हा दुसरा हात लोक विसरतात.

टायरचं वय त्याच्या बाजूवर चार आकड्यांत असतं: आठवडा आणि वर्ष. १ फेब्रुवारी २०२१ पासून बसच्या पुढच्या चाकांना १० वर्षांहून जुना टायर चालत नाही. ४० वर्षांवरच्या, बिगरव्यावसायिक गाड्यांना यातून सूट आहे. ही सूट वापरू नका. जुन्या बसचे टायर फिरून झिजत नाहीत, उभे राहून आतून कडक होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि पुढचा टायर उतारावर फुटतो.

तपासा: पहिली चाचणी आवारात, चालण्याच्या वेगाने, बस रिकामी. मग हँडब्रेक उतारावर. मग रस्त्यावर, कमी रहदारीत. मग वजन घालून. यातली एकही पायरी गाळू नका.

## टप्पा ७: बाकीची गाडी, आणि मग रंग

वायरिंग आधी बघा, कारण जुन्या बसमध्ये आगीचं मोठं कारण तेच. कापडाच्या वेष्टणाच्या तारा तडकलेल्या असतात. बॅटरीचा मुख्य स्विच कुठे आहे हे गटातल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी असावं. थंडीत रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ घाला, नाहीतर पाणी काढून टाका. गोठलेल्या पाण्याने फुटलेला इंजिनाचा ब्लॉक हे हिवाळ्यातलं सगळ्यात महाग दुर्लक्ष.

रंग छत गळायचं थांबल्यावर. ही एकच ओळ. पण ती कोणी ऐकत नाही, कारण रंगवलेल्या बसचे फोटो छान येतात.

ड्रायव्हरला या विशिष्ट बसची सवय द्या. आरटीसारख्या बसमध्ये गिअर आधी निवडून ठेवतात आणि क्लचच्या जागी असलेला पेडल दाबला की तो लागतो. अशा गिअरच्या काही बसमध्ये पेडल अर्धवट दाबला तर तो गुडघ्यात कळ येईल असा उलटा आपटतो. तीस वर्षं आधुनिक बस चालवलेला माणूससुद्धा पहिल्या दिवशी इथे चुकतो. प्रवाशांआधी निदान पाच-सहा रिकाम्या फेऱ्या करून घ्या.

## टप्पा ८: मार्ग

सोपी युक्ती सांगतो. जिथे आजही रोजची डबलडेकर धावते तोच रस्ता निवडा. तिथल्या फांद्या तिनेच मोडून ठेवलेल्या असतात. नकाशावर सुंदर दिसणाऱ्या गावरस्त्यावर फांदी वरच्या मजल्याची पुढची काच घेऊन जाते, आणि तिथेच मुलं बसलेली असतात.

५.०३ मीटरपेक्षा कमी उंचीच्या पुलांवर उंचीची पाटी असते. बसची उंची केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी लिहिलेली हवी, हा कायदा आहे. मार्ग आधी कारने फिरून पाहा, आणि रस्ता अचानक बंद असेल तर वळवायचा दुसरा रस्ताही पाहा. पुलाला धडकणारा ड्रायव्हर बहुधा ठरलेल्या मार्गावर नसतोच. वळवलेल्या मार्गावर असतो.

फेरी गोलाकार ठेवा, म्हणजे रिव्हर्स घ्यावा लागत नाही. वीस मिनिटांची फेरी आणि मध्ये दहा मिनिटं थांबा. थांबा ड्रायव्हरसाठी आहे, रेडिएटरसाठी आहे आणि चढताना रेंगाळणाऱ्या आजोबांसाठीही. लांब उतार टाळा. टाळता येत नसेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या. ब्रेक तापले की पाय पूर्ण दाबूनही गाडी पुढेच जाते.

## टप्पा ९: फेरीचा दिवस

सकाळची तपासणी दोघांनी करायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं: तेल, पाणी, खाली गळती, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, चाकांचे नट, टायर, ब्रेकचा दाब, घंटी, मागची आपत्कालीन खिडकी उघडते का. वहीत दोघांच्या सह्या. "कालच बघितलं होतं" हे उत्तर चालत नाही.

उघड्या प्लॅटफॉर्मच्या बसमध्ये कंडक्टर हाच खरा कप्तान. ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमध्ये, त्याला मागचं काही दिसत नाही. बोलणं फक्त घंटीने. एक घंटी: पुढच्या स्टॉपवर थांब. दोन: निघ. तीन: गाडी भरली. चार: आणीबाणी. आपल्याकडच्या माणसाला डबल बेल शिकवावी लागत नाही, ती कानात असतेच. फक्त एक सवय मोडावी लागते: चालत्या बसमध्ये पळत येऊन चढणाऱ्याला हात देण्याची. इथे हात द्यायचा नाही. पुढच्या फेरीला या म्हणायचं.

कंडक्टरने दोन घंट्या देण्याआधी बघायचं: प्लॅटफॉर्म रिकामा, जिन्यावर कोणी नाही, वर सगळे बसलेले. घंटी फक्त त्यानेच द्यायची. एखादा लहान मुलगा दोरी ओढायला बघतोच. त्याला फेरी संपल्यावर, गाडी उभी असताना, मनसोक्त वाजवू द्या.

रूटमास्टरमध्ये वर ३६ आणि खाली २८, मिळून ६४ सीटा. मोजणी वर-खाली वेगळी ठेवा. उभं कोणीही नाही. वरच्या मजल्यावर तर नाहीच. गर्दीत "एक लेकरू मांडीवर बसेल" सुरू होतं, तेव्हा ठामपणे नाही म्हणायला गटातला सगळ्यात गोड बोलणारा माणूस रांगेशी ठेवा. चिडका माणूस तिथे नको, त्याला पार्किंगला पाठवा.

चढ-उतार फक्त फुटपाथच्या बाजूने. व्हीलचेअरवरच्या माणसाला या बसमध्ये चढता येत नाही, हे आधीच जाहिरातीत लिहा आणि त्यांच्यासाठी काही वेगळं करता येतं का ते बघा. आम्ही शेजारच्या गटाकडून खालच्या फ्लोअरची नवी बस मागवतो. ती त्याच मार्गावर मागोमाग येते. नोंदणी केलेल्या भाड्याच्या सेवेत २० वर्षांवरच्या बसला सुगम्यतेच्या नियमातून सूट आहे, पण वर्षाला २० दिवसांपुरतीच. ते दिवस वहीत मोजा.

सावध: फेरीच्या दिवशी काहीही "चालवून घ्यायचं" नाही. ब्रेकचा दाब नेहमीपेक्षा हळू भरतोय, असं ड्रायव्हर म्हणाला की बस उभी. रांगेत दीडशे माणसं असली तरी. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा: रांगेतल्या लोकांशी कोण बोलणार, ओढून नेणारी गाडी कोणाची, तिचा फोन नंबर कोणाच्या खिशात. आम्ही एकदा दुपारी दोनला फेऱ्या बंद केल्या आणि उरलेल्या लोकांना उभ्या बसमध्ये चढवून कंडक्टरचं काम दाखवलं. कुरकुर झाली. बाहेर दीडशे माणसं आणि आत थंड चहा, असा तो दिवस संपला.

## टप्पा १०: त्याच संध्याकाळी

बस शेडमध्ये लागली की सगळे घरी पळतात. पण त्या अर्ध्या तासाचं काम पुढच्या महिन्यावर टाकलं तर विसरतंच.

ड्रायव्हर आणि कंडक्टरने दिवसभरात जाणवलेलं सगळं वहीत लिहायचं, फालतू वाटलं तरी: तिसऱ्या वळणावर घरघर, डाव्या खिडकीची खडखड, वरच्या दिव्याची लुकलुक. चाकांच्या मध्यावर हाताचा मागचा भाग नेऊन बघा. चारांत एक जास्त तापलेलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये किंवा बेअरिंग जातंय. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, चाकांना ठोकळे लावा. सीटांखाली बघा. पाण्याच्या बाटल्या, एखादी मुलाची टोपी आणि हमखास एक मोबाइल निघतो.

देणगीचा डबा दोघांनी मिळून मोजायचा, आकडा वहीत, सह्या दोघांच्या. मग दिवे बंद करायचे आणि किल्ली ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्यायची.